मोठी डिस्क, एकच प्रत

सांगली जिल्ह्यातील एका जैन कुटुंबात यंदा दशलक्षण पर्व संपल्यानंतरच्या रविवारी एक लहानसा पेच उभा राहिला. नातू पर्वातील पूजेची चित्रणे मोबाइलमधून काढून घरच्या बाह्य हार्ड डिस्कवर ठेवत होता. तेवढ्यात डिस्कवर जागा शिल्लक नसल्याची सूचना पडद्यावर उमटली. एक टीबीची ती डिस्क सात वर्षांपूर्वी घेतलेली. गावातील बस्तीचा पंचकल्याणक महोत्सव, दोन लग्ने, मुलांचे वाढदिवस, शेतीच्या उताऱ्यांच्या प्रती आणि आक्कांच्या आवाजातील भक्तामर स्तोत्र असे सगळे तिच्यात साठले होते. आक्का जाऊन तीन वर्षे झाली. ज्या मोबाइलवर त्यांचे पठण ध्वनिमुद्रित केले होते तो केव्हाच बदलला गेला. आता तो आवाज त्या डिस्कवर होता आणि तेथेच होता.

घरातील कर्त्या मुलाने लगेच उपाय सुचवला. चार टीबीची नवी डिस्क घ्यायची, जुन्यातले सगळे नव्यात हलवायचे आणि रिकामी झालेली जुनी डिस्क महाविद्यालयात शिकणाऱ्या भाच्याला द्यायची. कोचावर बसलेले अण्णा हे ऐकत होते. संगणकाचा त्यांचा परिचय बेताचाच, पण त्यांनी एकच प्रश्न केला.

“नव्यात गेल्यावर जुन्यात काय राहील?”

“काही नाही अण्णा, ती रिकामी होईल.”

“म्हणजे आज एक प्रत आहे आणि उद्याही एकच राहील. मग नवीन काय झाले?”

मुलाला उत्तर सुचले नाही. खरोखरच त्या योजनेत जागा चौपट होत होती, पण सुरक्षितता तसूभरही वाढत नव्हती. उलट अधिक सामान एकाच ठिकाणी गोळा होणार असल्यामुळे डिस्क बिघडली तर होणारे नुकसान मात्र मोठे झाले असते. साठवण वाढवणे आणि जतन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्क भरली की पहिलीचीच आठवण होते आणि दुसरी नकळत राहून जाते.

अण्णांचा प्रश्न जैन परंपरेला नवा नाही. षट्खंडागम या दिगंबर परंपरेतील सिद्धांतग्रंथाची कथा त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. गिरनारच्या गुहेत राहणाऱ्या धरसेनाचार्यांना आपल्याजवळचे श्रुतज्ञान आपल्याबरोबरच लुप्त होईल अशी चिंता वाटली. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना ते शिकवले आणि त्या दोघांनी ते ग्रंथरूपात आणले, असे परंपरा सांगते. ही रचना ज्येष्ठ शुद्ध पंचमीला पूर्ण झाली, म्हणून तो दिवस श्रुतपंचमी म्हणून पाळला जातो. पुढे नवव्या शतकात वीरसेनाचार्यांनी त्यावर धवला ही विशाल टीका लिहिली.

यानंतर अनेक शतके या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्र प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथेच उरल्या. धवलेच्या एकाहून अधिक प्रती होत्या, परंतु सर्व एकाच गावात. महाबंधाची तर एकच प्रत होती आणि तिची काही पाने काळाच्या ओघात नष्ट झाली. जे गेले ते दुसरीकडे कोठेही नसल्यामुळे भरून काढता आले नाही. यात्रेकरू त्या पोथ्यांचे दर्शन घेत, भक्तिभावाने नमस्कार करीत आणि परत येत. श्रद्धेत काही उणे नव्हते, उणीव होती ती दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीची.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी या ग्रंथांच्या नकला व्हाव्यात म्हणून पुढाकार घेतला. जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रे वाचून कन्नड आणि नागरी लिपींत प्रती करण्याचे काम सुमारे पाव शतक चालले. याच काळात नकलेचे काम करणाऱ्या पंडितांनी खासगीरीत्या केलेली एक प्रत सहारनपूरला पोहोचली आणि तेथून पुढे इतर गावी प्रती गेल्या. त्यांपैकी काही विदर्भात अमरावती आणि कारंजा येथे आल्या. डॉ. हिरालाल जैन यांनी अशाच प्रतींच्या आधारे धवलेचे संपादन हाती घेतले आणि तिचा पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला. पुढे असे सोळा खंड निघाले. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले आणि ते ताम्रपट फलटणला जतन केले आहेत. ताडपत्र, कागद, छापील खंड आणि तांबे अशी एकाच ग्रंथाची चार रूपे आज निरनिराळ्या गावी नांदत आहेत. आता एखाद्या ठिकाणी वाळवी लागली तरी ग्रंथ जाणार नाही.

शास्त्रदानाची प्रथाही याच जाणिवेतून रुजलेली दिसते. दहाव्या शतकातील अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून घेऊन वाटल्या, ही गोष्ट कन्नड साहित्याच्या इतिहासात आदराने सांगितली जाते. श्वेतांबर परंपरेत देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे आगम लिपिबद्ध झाले आणि पुढे पाटण, जेसलमेर, खंभात येथील ज्ञानभांडारांनी हजारो हस्तलिखिते सांभाळली. ज्याची प्रत अनेक हातांत गेली ते टिकले, हा या साऱ्या इतिहासाचा सरळ निष्कर्ष आहे. घरातील आठवणी म्हणजे काही सिद्धांतग्रंथ नव्हेत. पण त्या नाहीशा होण्याची रीत मात्र तीच आहे.

आता प्रत्यक्ष डिस्क निवडण्याकडे वळावे. प्रथम गरज मोजावी. मोबाइलवर काढलेले सामान्य छायाचित्र साधारण तीन-चार एमबीचे असते, म्हणजे एक टीबीत अशी अडीच लाखांहून अधिक छायाचित्रे मावतात. जागा खातात ती चित्रणे. फुल एचडी चित्रणाला मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी लागतात, तर ४के चित्रणाला १७० ते ३५० एमबी. त्यामुळे तासाभराची पूजा ४के दर्जात चित्रित केली, तर एकटीच दहा ते वीस जीबी जागा घेऊ शकते. गेल्या दोन-तीन वर्षांत वर्षाला किती जीबीची भर पडली हे पाहून त्याच्या पाचपट जागा धरली, तर तो हिशेब बहुधा पुरेसा ठरतो.

नवी डिस्क जोडल्यावर अनेकांना फसवणूक झाल्यासारखे वाटते, कारण एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते आणि दोन टीबीची १.८१ टीबी. यात कोणी जागा चोरलेली नसते. उत्पादक एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीने मोजते. मापे दोन आहेत, माल तोच आहे. खरी फसवणूक निराळी असते. अगदी थोड्या पैशांत सोळा टीबी देऊ करणाऱ्या चिमुकल्या डिस्क बाजारात दिसतात. त्यांच्यात प्रत्यक्षात फार थोडी जागा असते आणि ती भरल्यावर नव्या फायली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा वाचताच येत नाहीत. किंमत अविश्वसनीय वाटली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरा प्रश्न प्रकाराचा. नेहमीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या मिनिटाला हजारो वेळा फिरतात आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. चालू असताना धक्का लागला किंवा मेजावरून पडली, तर हेच टोक तबकडीला खरवडू शकते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. ती वेगवान असते आणि धक्का अधिक सोसते, परंतु तेवढ्याच जागेसाठी महाग पडते. शिवाय तिच्यातील माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता दीर्घकाळ पडून राहिल्यास, विशेषतः उष्णतेत, तो भार हळूहळू झिरपतो. म्हणून रोजच्या ने-आणीसाठी एसएसडी आणि कपाटातील मोठ्या साठ्यासाठी साधी हार्ड डिस्क, अशी वाटणी बहुतेक घरांना परवडते आणि मानवते. मात्र कपाटातील कोणतीही डिस्क वर्षानुवर्षे न जोडता ठेवू नये.

जुन्याच बाह्य डिस्कचे कवच उघडून आत मोठी डिस्क बसवावी, असा विचार काही तरुण मंडळी करतात. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली डिस्क वेगळ्या मिळणाऱ्या कवचात बसवून वापरता येते, हे खरे. पण अनेक तयार बाह्य डिस्कमध्ये यूएसबीची जोडणी आतील पट्टीवरच पक्की केलेली असते. तेथे अदलाबदल शक्य नसते आणि उघडताना मूळ डिस्कच दगावण्याची भीती असते.

नवी डिस्क घरी आल्यावर ती कशी मांडावी, म्हणजे फॉरमॅट करावी, हेही आधी ठरवावे, कारण नंतर बदलायचे तर आतील सगळे पुसावे लागते. जुन्या फॅट३२ पद्धतीत चार जीबी किंवा त्याहून मोठी एकही फाइल ठेवता येत नाही. कितीही जागा मोकळी असली तरी लांब चित्रण ‘बसत नाही’ त्याचे कारण बहुधा हेच असते. घरात केवळ विंडोज असेल तर एनटीएफएस आणि मॅकही असेल तर एक्सफॅट सोयीची पडते.

यानंतरचे काम नकलेचे, आणि हेच सर्वांत नाजूक. येथे ‘हलवा’ हा पर्याय वापरू नये, ‘प्रत करा’ हाच वापरावा. हलवताना फायली मुळातून निघत जातात. मध्येच केबल सैल झाली किंवा वीज गेली, तर अर्धे सामान इकडे आणि अर्धे तिकडे राहते आणि काय कोठे आहे याचा मेळ लागत नाही. प्रत करताना मूळ जागच्या जागी राहते. वेळेचाही अंदाज असावा. सेकंदाला १०० एमबी या वेगाने एक टीबी नकलायला सुमारे पावणेतीन तास लागतात. हीच डिस्क जुन्या यूएसबी २.० जोडणीत लावली, तर सेकंदाला तीस-चाळीस एमबीच जातात आणि त्याच कामाला सात ते नऊ तास लागू शकतात. लाखभर बारीक छायाचित्रे असतील तर वेळ आणखी वाढतो. म्हणून रात्री निजताना घाईने सुरू करून देण्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी सकाळी हे काम हाती घ्यावे.

नक्कल झाली एवढ्यावर थांबू नये, ती तपासावी. याबाबत जुने लेखक आजच्या पिढीला बरेच शिकवू शकतात. जैन हस्तलिखितांच्या शेवटी पुष्कळदा ‘ग्रंथाग्र’ नोंदलेले असते. बत्तीस अक्षरांचा एक श्लोक हे माप धरून संपूर्ण ग्रंथ किती श्लोकांचा भरतो, ही ती संख्या. गद्य ग्रंथालाही हेच माप लावीत. धवला टीकेचे प्रमाण ७२ हजार श्लोक सांगितले जाते, ते याच मापाने. लेखकाचा मेहनताना त्यावर ठरे आणि नकलेत काही गळले आहे काय, याचा अदमासही त्यावरून येई. संगणकातील पडताळणीचे तत्त्व तेच आहे. जुन्या आणि नव्या डिस्कवरील फायलींची संख्या आणि एकूण बाइट जुळतात का, हे प्रथम पाहावे. मग निरनिराळ्या वर्षांतील पाच-दहा चित्रणे उघडून शेवटपर्यंत पाहावीत. अधिक काटेकोरपणा हवा असेल तर ‘हॅश’ काढणाऱ्या साधनांचा उपयोग करावा. ते फाइलमधील प्रत्येक बाइट वाचून एक आकडा देते आणि फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी आकडा बदलतो. दोन्हीकडचा आकडा सारखा आला की प्रत शुद्ध आहे असे निश्चिंतपणे समजावे.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस नकलकार वाचकाला विनवीत असत की, ही पोथी तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा. डिस्कची पथ्येही फारशी वेगळी नाहीत. ओल, उष्णता आणि सैल केबल हे तिचे वैरी आहेत. काम संपल्यावर संगणकाला सांगून मगच तिला विलग करावे, कारण लिहिणे पूर्ण होण्याआधी ओढून काढलेल्या डिस्कवरील फायली बिघडू शकतात. टकटक असा आवाज येऊ लागला, फायली उघडायला वेळ लागू लागला किंवा डिस्क मध्येच दिसेनाशी होऊ लागली, तर ती अखेरची घंटा समजावी. अशा वेळी पुन्हा पुन्हा जोडून पाहू नये. ती वाचता येत असेल तोवर सर्वांत मोलाच्या फायली आधी काढून घ्याव्यात आणि वाचताच येत नसेल तर जाणकाराकडे सोपवावी.

प्रती किती असाव्यात, याचा एक सोपा नियम छायाचित्रकारांमध्ये आणि संगणकाच्या जाणकारांमध्ये रूढ आहे. प्रती तीन, साधने दोन प्रकारची आणि एक प्रत घराबाहेर. घरातील संगणक, कपाटातील डिस्क आणि परगावी राहणाऱ्या मुलीकडची दुसरी डिस्क, एवढ्याने हा नियम जवळजवळ पाळला जातो. इंटरनेटवरील साठवण हाही घराबाहेरच्या प्रतीचा एक मार्ग आहे. मात्र तिचे भाडे चालू ठेवावे लागते आणि पासवर्ड घरातील किमान दोघांना ठाऊक असावा लागतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या कुटुंबांना घराबाहेरच्या प्रतीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २०१९ च्या महापुरात पाणी घरात शिरले तेव्हा त्याने कपाटातील पहिली प्रत कोणती आणि दुसरी कोणती, असा भेद केला नाही.

या साऱ्यात अपरिग्रहाचे काय, असा प्रश्न जैन वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. एकाच प्रसंगाची चाळीस छायाचित्रे, सकाळच्या शुभेच्छांची हजारो चित्रे, तीनदा उतरवून घेतलेले तेच प्रवचन, हे सगळे घेऊनच मोठ्या डिस्ककडे धावणे हाही परिग्रहच आहे. दिसत नाही म्हणून तो हलका होत नाही. ज्याची निवड केलेली नसते ते कोणी पाहतही नाही आणि खऱ्या ठेव्याला मात्र तो ढीग झाकून टाकतो. म्हणून नव्या डिस्कआधी एक दुपार निवडीसाठी द्यावी. जे राहील त्याला वर्ष, प्रसंग आणि व्यक्ती यांची नावे द्यावीत. नाव नसलेले छायाचित्र दोन पिढ्यांनंतर अनोळखी माणसाचे होते. थोडे ठेवावे, पण जे ठेवावे ते एकाहून अधिक ठिकाणी ठेवावे.

जुनी डिस्क मात्र लगेच पुसू नये. नवी प्रत तपासून काही महिने उलटेपर्यंत ती तशीच राहू द्यावी. पुढे कोणाला द्यायचीच झाली, तर घाईचे फॉरमॅट पुरेसे नसते. त्याने केवळ सूची पुसली जाते आणि आधार, बँक, जमीन यांच्या कागदपत्रांच्या प्रती आतमध्ये तशाच राहू शकतात. विंडोजमधील पूर्ण फॉरमॅट वेळ घेते, पण संपूर्ण डिस्कवर नव्याने लिहिते. निकामी झालेली डिस्क कचऱ्याच्या डब्यात टाकू नये, ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलन केंद्रातच द्यावी. तिच्यातील धातू आणि रसायने माती-पाण्यात मिसळली, तर तेथील जीवांना होणारा उपद्रव आपल्या हातूनच घडलेला असतो.

सांगलीकडच्या त्या घरात पुढच्या दोन रविवारी सगळेजण संगणकाभोवती बसले. अण्णा माणसे ओळखून नावे सांगत होते आणि नातू ती टंकत होता. नको ते काढल्यावर सामान सहाशे जीबींच्या आत आले. चार टीबीची एक डिस्क घेण्याऐवजी दोन टीबीच्या दोन घेतल्या गेल्या. खर्च थोडा अधिक झाला. एक घरात राहिली, दुसरी लेकीबरोबर पुण्याला गेली. भाच्याला त्याची डिस्क सहा महिन्यांनी देण्याचे ठरले आणि त्याने ते समजून घेतले.

श्रुतपंचमीला बस्तीतील पोथ्या बाहेर काढून झाडण्याची आणि त्यांची वेष्टने बदलण्याची रीत त्या गावात आजही आहे. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, श्वेतांबर घरांत अशीच ज्ञानपूजा होते. त्या कुटुंबाने ठरवले आहे की, दर श्रुतपंचमीला दोन्ही डिस्क जोडून पाहायच्या, वर्षभरातील निवडक भर दोन्हींवर घालायची आणि सुरुवात आक्कांच्या पठणाने करायची. ते शेवटपर्यंत नीट ऐकू आले की त्या वर्षापुरती तपासणी पुरी झाली, असे अण्णांचे म्हणणे आहे.